बाहुलीच्या रंगाचे परकर

कशेळ्यात मला तोंडावर सगळे सदू टेलर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माशांचे परकर शिवणारा! म्हणेनात का. तीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवले तेव्हा तरी कुणी हार घातला होता? आता तयार कपडे मोबाइलवरून घरपोच येतात आणि माझ्या दुकानात फक्त उसवलेलं, फाटलेलं आणि आखूड करायचं येतं. शिवणाऱ्या माणसाला रिकामा हात फार छळतो.

हे परकरांचं खूळ मला ओमकारनं लावलं. पोरगा बदलापूरचा, बँकेत चांगल्या नोकरीला, पण रविवार उजाडला की मोटारसायकलला गळाची काठी बांधून आमच्या तलावावर हजर. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला हा तलाव आहे, त्यात मरळ जातीचे मासे मिळतात. गळ टाकायचा नाद मलाही लहानपणापासूनचा, म्हणून ओळख झाली. एकदा त्यानं फाटकं आमिष माझ्यापुढे धरलं. शिशाची गोळी ओतलेला गळ, त्याला हे लोक जिग म्हणतात, आणि गोळीच्या मानेभोवती मऊ प्लास्टिकच्या बारीक झिरमिळ्या. जिग ओढला की झिरमिळ्या मिटतात, थांबवला की फुलतात, आणि माशाला वाटतं काहीतरी जिवंत आहे. त्यातल्या अर्ध्या माशानं तोडून नेल्या होत्या.

"काका, याला स्कर्ट म्हणतात. विकतचे टिकत नाहीत. तुम्हाला जमेल?"

"परकरच ना रं? त्यात काय जमायचं?" मी म्हटलं.

जमायला सहा महिने लागले. शहरातले हौशी लोक तलावाच्या काठावर तुटकी रबरी गांडुळं आणि बेडक्या टाकून जातात, त्या मी पिशवीत गोळा करतो. मागच्या पडवीत विजेच्या शेगडीवर जुन्या पातेल्यात त्या वितळवायच्या. ओमकारनं एक तेल आणून दिलंय, ते दोन झाकणं घातलं की माल मऊ राहतो. धूर नाकाला झोंबतो, म्हणून तोंडाला फडकं बांधायचं. माल काकवीइतका पातळ झाला की दुकानातल्या ट्रायल रूमच्या आरशावर ओतायचा. आरसा मी काढून पडवीत आडवा मांडलाय, तसंही आता ट्रायल कोण घेतंय? निवलं की दुधावरच्या सायीसारखा थर सुटून येतो. मग दाढीची पाच पाती, मध्ये वायसर घालून एका बोल्टात आवळलेली. एका ओढीत पाच चिरा पडतात. वरची बोटभर पट्टी अखंड ठेवायची, तो झाला नेफा. नेफा गळाच्या मानेला गुंडाळायचा आणि दोऱ्यानं आवळून शिंप्याची गाठ मारायची. माझी गाठ आजवर सुटलेली नाही, हे मी घमेंडीनंच सांगतो.

अडचण एकच होती, रंगाची. असला गोळा केलेला माल वितळला की चिखलाच्या रंगाचाच होतो. ओमकारला हवा होता फिका गुलाबी, बेडकाच्या पोटाकडचा असतो तसा. दर रविवारी तेच टुमणं.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सांडव्याखाली गेलो. पुराचं पाणी ओसरल्यावर तलावातला सगळा कचरा तिथे अडकतो. थर्माकोलच्या मखरांचे तुकडे, बाटल्या, चपला, आणि त्या सगळ्यात एक बाहुली. वीतभर लांब, जुन्या पद्धतीची, मऊ रबरी, दाबली की पोटातली पिपाणी वाजणारी. अंगावर चिंधी नव्हती. केसांचा काळा रंग उडालेला, एका पायाची बोटं कुरतडलेली. खेकड्याचं काम असेल म्हटलं. अंगाचा रंग मात्र अगदी हवा तो.

इथे एक सांगायला हवं. तलावाच्या वरच्या अंगाला जांभळीखाली शेंदूर फासलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. बायका तिथे हिरव्या बांगड्या ठेवतात, खण ठेवतात, आणि तिथलं काही उचलायचं नाही हा आमच्याकडचा दंडक आहे. मी देवभोळा नाही, तरी तिथलं लिंबूसुद्धा कधी उचललं नाही. पण सांडव्याखालचा कचरा म्हणजे कचराच. मला तर वाटलं, मी तलाव साफ करतोय.

घरी आलो आणि शेगडी तापत ठेवली. बाहुली कापून घालायला हवी होती. अख्खी वस्तू घातली की वितळायला वेळ लागतो, हे मला काय कळत नव्हतं? पण कात्री हातात घेतली आणि त्या तोंडावरून चालवावीशी वाटेना. म्हटलं, असू दे. पाय खाली करून तशीच उभी पातेल्यात ठेवली.

आतली हवा तापली आणि पिपाणी वाजायला लागली. आधी बारीक, मग लांब, मध्येच थांबून पुन्हा.

गोदा, म्हणजे आमची बायको, पिठाच्या हातानं पडवीत आली. "अवो, कुणाचं लेकरू रडतंय?"

"लेकरू कुठलं? बाहुलीतली हवा हाय ती."

तिनं पातेल्यात डोकावलं आणि पदर तोंडाशी नेला. "पितरांचे दिवस चाललेत आन तुमी ह्ये काय शिजवून ठेवलंय?"

"रबर शिजवतोय. तुला वाढत नाय, घाबरू नको."

मी हसलो. हसू जरा जास्तच मोठ्यानं आलं. गोदा हसली नाही, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बाहुली कमरेपर्यंत विरघळेस्तोवर ते वाजत राहिलं, मग बंद झालं. पिपाणीची पत्र्याची चकती मी चिमट्यानं काढून परसात फेकली.

माल आरशावर ओतला तेव्हा मी वाकलेलो होतो. आरशात माझं तोंड दिसत होतं आणि तो गुलाबी थर हळूहळू माझ्या हनुवटीवरून, नाकावरून, डोळ्यांवरून पसरत गेला. इतकी वर्षं लोकांच्या मापात घालवली, पण स्वतःला असं झाकलं जाताना कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. पण थर सुटून आला तेव्हा मात्र मी खूश झालो. इतका साफ, इतका एकसारखा माल माझ्या हातून कधीच निघाला नव्हता. त्याचे आठ परकर झाले.

रविवारी ओमकार आला, आठही घेऊन तलावावर गेला आणि दुपारी माझ्या दुकानात येऊन डोकं धरून बसला.

"काका, मासे येतात हो, पण घेत नाहीत."

"म्हंजे काय?"

"पाणी स्वच्छ आहे, मला सगळं दिसत होतं. मोठ्या मरळी आल्या. एरवी एकीला दुसरी खपत नाही, पण या सगळ्या मिळून आल्या आणि परकराभोवती फिरायला लागल्या. गोल गोल. तोंड लावत नाहीत, नुसत्या फिरतात. मी मोजल्या, काका, बरोबर..."

"मासे धरायला गेला होतास का शाळेत पाढे म्हणायला?" मी त्याला तोडलं. आकडा मला ऐकायचाच नव्हता.

"आणि एकेक करून जिग अडकत गेले. खाली ओंडका नाही, दगड नाही. कुणीतरी धरून ठेवल्यासारखं व्हायचं आणि दोरी तुटायची." त्यानं खिशातून एक जिग काढून टेबलावर ठेवला. "हा एक उरला. तुम्हीच ठेवा. मला नको."

बँकेतल्या पोरानं असं घाबरावं याचा मला राग आला. चार गोष्टी सुनावून मी त्याला घालवला आणि तो जिग डब्यात टाकला. त्याच्या झिरमिळ्या डब्याच्या बाहेर आल्या होत्या, त्या बोटानं आत ढकलून झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागी आली. तलावाच्या वरच्या गावातली, असेल तिशीची. हिची सहा वर्षांची पोर, रुचिता, दोन वर्षांपूर्वी तलावात गेली, हे अख्ख्या कशेळ्याला माहीत आहे. तेव्हापासून ही बाई बाजारात येते, हवं ते घेते, जाते. कुणाशी बोलत नाही. मागच्या वर्षी माझ्याकडून एक वीतभर मापाचं परकर-पोलकं शिवून नेलं होतं. एखाद्या देवीला असेल म्हणून मी काही विचारलं नव्हतं.

तिनं हिरवा खण टेबलावर ठेवला. "टेलरमामा, गेल्या सालासारखंच शिवा. परकर-पोलकं."

"देवीला ना गं?"

"नाय. माज्या रुचीला."

मी टेप हातात घेतली होती, ती तशीच राहिली. भागी खणाच्या घड्या सारख्या करत बोलत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"पितरांत सगळ्यांचं पान मांडतात, मामा. एवड्याशा लेकराचं नाय मांडत. मी सासूला म्हनलं, मंग तिनं काय करायचं? सासू म्हनली, आसरांनी नेलीय, त्यांच्यात खेळंल. म्हनून तिची बाहुली ठेवली मी जांभळीखाली, दगडांच्या मागं. वळखीचं कायतरी असावं ना तिच्याजवळ. दर सर्वपित्रीला बाहुलीला नवं नेसवते. बाहुली हाय तवर माजी पोर तितं बरी हाय, असं मी धरून चाललेय."

"हल्ली गेली होतीस का तिकडं?" माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

"पावसात वाट बुडते. आता परवा सर्वपित्रीला जाईन." ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "आन मामा, परकर उजव्या पायाकडं जरा लांब धरा. दात येताना तिनं बाहुलीची बोटं चावून टाकलीत. ती झाकायला हवीत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, ती समोर उभी होती, मी फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी घेऊन जा." आणि ती मान हलवून गेली. इतका भित्रा मी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गोदाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "जावा आन सांगा तिला."

"काय सांगू? तुज्या पोरीची बाहुली उकळून मरळींना घातली?"

"जे केलंत त्येच सांगा."

"सोपं हाय बोलायला!" मी तिच्यावर ओरडलो आणि चपला घालून बाहेर पडलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शेअर जीपनं कर्जत गाठलं. बाजारात दुकानं पालथी घातली. कुठे गाणी म्हणणाऱ्या बाहुल्या, कुठे कडक प्लास्टिकच्या, लांब केसांच्या, उंच टाचांच्या. शेवटी एका जुन्या दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ झटकत एक काढून दिली. मऊ रबर, वीतभर, गुलाबी. दाबली तर पिपाणी वाजली. मी दचकलो तसा दुकानदार हसला. येताना जीपच्या मागच्या सीटवर मी एकटा होतो. पिशवीतून बाहुली काढली आणि तिचा उजवा पाय तोंडात घालून बोटं चावायला लागलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, कडावच्या फाट्यापर्यंत बाहुलीचा पाय चावत होतो. रबराची चव जिभेवरून जाता जाईना. लाज वाटत होती आणि तरी मी चावत होतो, कारण खोटं करायचंच तर नीट करावं, अशी माझी कारागिरी!

परकर-पोलकं शिवायला बसलो तर मशीनचा पायडल कुरकुरायला लागला. बारीक, मग लांब, मध्येच थांबून पुन्हा. तेल घातलं. पुन्हा घातलं. मग मशीन सोडून हातानं शिवलं. तीस वर्षांत माझी टीप कधी वाकडी गेली नव्हती, ती त्या वीतभर परकरावर दोनदा गेली. भागी संध्याकाळी आलीच नाही. निरोप आला की सकाळी येऊन घेईल आणि मग तलावावर जाईल. मला वाटलं, देवच वाट दाखवतोय. तिच्याआधी जाऊन बाहुली नेसवून ठेवून द्यायची की झालं.

सर्वपित्रीला उजाडताच गळाची काठी खांद्यावर टाकून निघालो. कुणी विचारलं तर मासे धरायला चाललोय म्हणून सांगायचं. काठीबरोबर डबाही आला, त्यात तो उरलेला जिग होता. जांभळीखाली कुणी नव्हतं. दगडांच्या मागे बांगड्यांचे तुकडे होते आणि वीतभर रिकामी जागा होती. मी नवी बाहुली तिथे बसवली, परकर उजव्या पायाकडे ओढून घेतला आणि उठलो, तर पाठीमागे भागी उभी. डोक्यावर बादली, बादलीत एक गोधडी.

"मी म्हटलं, तुझा फेरा वाचवावा. नेसवून ठेवली," मी म्हणालो.

ती वाकली, बाहुली उचलली, उलटी केली, सुलटी केली. "मामा, ही ती नाय."

"अगं, पाय तर बघ तिचा." अजूनही मी हेच बोललो.

तिनं परकर वर केला. चावलेल्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं, सावकाश, एकेका खुणेवरून. मग म्हणाली, "ह्ये मोट्या मानसाचे दात हायेत."

मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सांडवा, पातेलं, पिपाणी, आरसा, आठ परकर. काही लपवलं नाही. ती शिव्या देईल, दगड उचलेल, रडेल, असं वाटलं होतं. त्यातलं काहीही मला चाललं असतं.

"कुटं हाय?" तिनं विचारलं.

मी डबा उघडला आणि जिग तिच्या तळहातावर ठेवला. गळ तिला लागू नये म्हणून टोक बाहेरच्या बाजूला केलं. झिरमिळ्या तिच्या बोटांवर पसरल्या. तिनं मूठ मिटली नाही.

"एवडीच?"

"बाकीची पाण्यात गेली."

"पाण्यात," ती म्हणाली. आणि काठाकडे वळून, "मंग ती हितंच हाय. टाका तुमी."

"काय टाकू?"

"गळ टाका, मामा. मला बघायचंय."

नाही म्हणायची माझी लायकी नव्हती. दोरी बांधली, काठावरून जिग हळूच सोडला. पाणी नितळ होतं, तळाचे खडे दिसत होते. परकर खाली गेला आणि फुलला. थोड्या वेळानं गवतातून पहिली मरळ निघाली, मग दुसरी, मग बाकीच्या. हातभर लांबीच्या, काळ्या, जाडजूड. तोंड न लावता त्या परकराभोवती फिरायला लागल्या. ओमकार खोटं बोलला नव्हता. या वेळी मी मोजल्या. सात होत्या.

भागी माझ्याशेजारी उकिडवी बसली. पाण्याकडे बघतच बोलली.

"घट बसायच्या आदी गोधड्या धुवाया आलते. ती हितंच बसलेली, बाहुलीला आंगोळ घालत. मला म्हनली, आये, तिच्या डोळ्यात साबन गेला. मी म्हनलं, फुंक मार. आन गोधडी पिळाया पाठ फिरवली. भिजलेली गोधडी येकटीला पिळता येत नाय, मामा. लई जड होते. दुसरं टोक धराया कोन असतं तर माजं तोंड हिकडंच राह्यलं असतं. पिळून वळले तर बाहुली होती काठावर. नुसती बाहुली."

मी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"दोन सालं झाली. घरात गोधड्या तशाच हायेत. धुतल्या नायत. तशाच अंगावर घेतो." ती उठली आणि तिनं बादली उचलली. "मामा, तुमी नजर ठिवाल? मला येक गोधडी धुवायचीय."

"ठेवतो."

"डोळं काडू नका पण."

"नाय काढत, पोरी."

ती माझ्या मागे धुण्याच्या दगडाशी गेली. मी काठी दोन्ही हातांनी धरून पाण्याकडे बघत बसलो. मागे गोधडी पाण्यात पडल्याचा आवाज झाला, मग साबण घासल्याचा, मग आपटल्याचा. मरळी फिरत होत्या. मध्येच दोरीला ओढ लागायची. मासा ओढतो तशी नाही. मासा झटका देतो आणि पळतो. ही ओढ हलकी होती, दोनदा, मग थांबून पुन्हा एकदा. पदर ओढावा तशी. उठून पळावंसं वाटत होतं, पण मी पापणीसुद्धा सावकाश मिटत होतो. एका बाईनं आपलं लेकरू माझ्या भरवशावर सोडलं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मागे पिळायचा आवाज आला. एकटीच पिळत होती. पाण्याची धार दगडावर बराच वेळ पडत राहिली, मग थेंब, मग तेही थांबले. तिची पावलं जवळ आली.

"चल गं," ती म्हणाली. "झालं माजं."

मला ती नेहमी तुमी म्हणते.

दोरी सैल पडली. मी गुंडाळली, तर शिशाची गोळी आली, गळ आला, मानेवर माझी गाठ होती तशी आवळलेली, आणि तिच्याखाली काही नव्हतं. एक झिरमिळीही नाही. भागीनं नवी बाहुली माझ्या मांडीवर ठेवली. "ही घरी न्या, मामा. हिचं हितं कोन नाय."

ती बांधावरून निघाली. बांध माझ्या समोरच्या अंगाला वळतो, त्यामुळे मान न वळवता मला ती पाण्यात दिसत होती, उलटी. डोक्यावर बादली, एक हात बादलीला, दुसरा हात खाली, अंगापासून जरासा लांब, मूठ अर्धी मिटलेली. पावलं नेहमीपेक्षा आखूड टाकत होती. बांधावर जिथे उंच पायरी आहे तिथे ती थांबली, तो हात वर ओढून घेतला, आणि मग पुढे चालू लागली. त्या हाताला कोण होतं ते मला दिसलं असतं, पण मरळींनी नेमकं तेवढ्यातच पाणी ढवळलं.

दुपार झाली तरी मी तिथेच बसून होतो. गोदा शोधत आली, हाका मारल्या, खांद्याला धरून हलवलं. मी पाण्यावरून नजर काढली नाही. ठेवा म्हणून भागीनं सांगितलं होतं, काढा म्हणून सांगायचं ती विसरली होती.